अक्षरांना फुटलेले रंग

‘तुमच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत वाचकाला हसायला हवं असतं,’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मला हसू कमी आणि संताप जास्त येतोय. तेव्हा संतापच लिहितो. फराळाच्या ताटात एखादी मिरची चालून जाते.

माझा धंदा प्रोजेक्टरचा. तरुणपणी सांगलीतल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, म्हणजे वरच्या केबिनमध्ये उभं राहून रिळं चढवणारा माणूस. पुढे थिएटर पाडलं, तिथं कपड्यांचं दुकान झालं आणि मी माधवनगरात एक खोली घेऊन प्रोजेक्टर दुरुस्तीला बसलो. शाळांचे, मंगल कार्यालयांचे, साखर कारखान्यांच्या सभागृहांचे प्रोजेक्टर केले. गेली बरीच वर्षं मात्र मुख्य काम घरातल्या थिएटरांचं आहे. हो, आमच्याकडे घरात थिएटरं असतात. हळदीत, बेदाण्यात किंवा फौंड्रीत चार पैसे सुटले, की वरच्या मजल्यावरच्या एका खोलीच्या भिंती गडद रंगवल्या जातात आणि छताला प्रोजेक्टर टांगला जातो. लोक मला अजून ‘ऑपरेटर’ याच नावानं हाक मारतात. माझं खरं नाव माझ्या रेशनकार्डाला माहीत आहे.

बाहेरच्यांना वाटतं, नवं थिएटर बसवणं अवघड. ते सोपं असतं. अवघड असतं ते जुना प्रोजेक्टर गेल्यावर त्याच्या जागी दुसरा निवडणं. खोली ठरलेली, पडदा ठरलेला, छताची भोकं ठरलेली, वायरी भिंतीत गाडलेल्या. जुन्या जागेवरून नव्या यंत्राचं चित्र पडद्यात मावेलच असं नाही. कुठल्याचं पडदा ओलांडून भिंतीवर जातं, कुठल्याचं मधेच लहानसं पडतं. शिवाय घरातल्यांचे डोळे दहा-दहा वर्षं जुन्या चित्राला सरावलेले असतात. हे सगळं मोजायला अर्धा दिवस लागतो. पण गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून एवढंच विचारतं, ‘लुमेन्स किती?’

लुमेन्स म्हणजे उजेडाचं माप. या शब्दाने माझं डोकं फिरतं. रहिमतपूरच्या एका निवृत्त सुभेदारांनी मोबाइलवरून एक खोका मागवला. त्यावर पाच आकडी लुमेन्स छापलेले होते. असले आकडे खोक्यावर छापायला शाईशिवाय काही लागत नाही. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, ‘आवं ऑपरेटर, चित्र लय मोठं पडतंय, पर रातीचा शीन कवाबी दिवसाचाच दिसतुय. डायरेक्टरनं उन्हातच काढलाय का काय?’ मी गेलो. पांढऱ्याशुभ्र भिंती, पांढरं छत, खिडकीला जाळीचा पडदा. सुभेदारांना समजावलं, की काळा उजेड टाकणारा दिवा जगात कुणी केलेला नाही. जिथं उजेड पडत नाही तेच काळं. खोलीत अंधार नसेल तर पडद्यावर काळं येणार कुठून? त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, ‘म्हंजी आणखी लुमेन्सचा घ्याय पायजे हुता.’ मी चहा घेऊन परत आलो.

अशा माणसांवर मी चिडतो, पण तो राग कोरेगाव फाट्यापर्यंत विरतो. एक राग मात्र अजून विरलेला नाही, आणि त्यात माझा स्वतःचाही वाटा आहे. तोही लहान नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचा कारखाना आहे. पंपांचे सुटे भाग ओततात. जैन घर, त्यामुळे जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली. सात-साडेसातला अख्खं घर वरच्या खोलीत सिनेमाला बसतं. अण्णा, मुलगा सन्मती, सून, नातू, आणि अण्णांच्या पत्नी पद्माकाकू. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या पद्माकाकू त्या घरात सगळ्यात जास्त शिकलेल्या आहेत.

काकूंचे कान बारा वर्षांपूर्वी एका तापात गेले. कानात यंत्र आहे, पण त्याने भांड्यांचा आवाज मोठा येतो, माणसाचा नाही. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. ओरडायचा माणसाला कंटाळा येतो. मग घर हळूहळू अशा माणसाशी बोलायचं कमी करतं आणि त्याच्याबद्दल बोलायला लागतं, त्याच्या देखतच. ‘तिला भात चालंल.’ ‘तिला कशाला न्यायचं लग्नाला, तिला काय ऐकू येतंय?’ यात कुणाचा दुष्टपणा नसतो. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं.

सिनेमात मात्र खाली संवादांची इंग्रजी अक्षरं येतात. काकू ती भराभर वाचायच्या. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते त्यांना घरातल्या माणसांपेक्षा नीट कळायचं. दिवसातले ते दोन तास त्या कुणाच्या ओरडण्यावर अवलंबून नसत. इतरांच्या दृष्टीनं ते थिएटर करमणुकीचं होतं. काकूंना त्यावाचून कुणाचंच बोलणं धड मिळत नव्हतं. हे मी आज शहाण्यासारखं लिहितोय, तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

अण्णांचा जुना प्रोजेक्टर मीच बसवलेला. अकरा वर्षं चालला. शेवटी पडद्याच्या डाव्या अंगाला पिवळा डाग उमटला. आतली काच उष्णतेनं करपली की असं होतं. डाग आधी नायिकेच्या गालावर होता, मग आकाशभर झाला. दुरुस्तीत अर्थ नव्हता. सन्मती इंजिनिअर आहे, कारखाना आता तोच बघतो. त्यानं महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवूनच टाकलं होतं. ‘काका, आता सिंगल चिपचाच घ्यायचा. लय शार्प असतोय.’

हे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या यंत्रात तीन काचा होत्या, एक लाल उजेडासाठी, एक हिरव्यासाठी, एक निळ्यासाठी. तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर जात. सन्मतीला हव्या असलेल्या यंत्रात एकच चिप असते आणि तिच्यासमोर रंगीत काचांची एक चकती गरगर फिरत असते. पडद्यावर आधी लाल चित्र पडतं, मग हिरवं, मग निळं, पुन्हा लाल. हे इतक्या वेगानं होतं की डोळा तिन्ही एकत्र करतो आणि आपल्याला पूर्ण चित्र दिसतं. चित्र खरंच रेखीव असतं. यात यंत्राचा दोष काही नाही. फक्त काही माणसांचे डोळे हे रंग पुरते एकत्र करत नाहीत. काळ्यावर पांढरं काही असलं आणि नजर भराभर सरकली, की त्यांना कडेला रंग सांडलेले दिसतात. पुण्यात एका कंपनीच्या प्रशिक्षणात हे मला शिकवलं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. स्वतःला कधी दिसलं नाही, म्हणून विसरून गेलो.

आमच्याकडे नवं यंत्र घरात आलं की त्याची एक ठरलेली रीत असते. यंत्राला हळदकुंकू लागतं, श्रीफळ वाढवतात, आणि मग पुरुषमाणसं सोफ्यावर बसून बटण दाबायला सांगतात. बायका दारात उभ्या. काकूही हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. सन्मतीनं क्रिकेटची मॅच लावली, मग मोटारींच्या पाठलागाचा एक तुकडा लावला. अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘झकास. हेच ऱ्हाऊ दे.’ माझीही रीत ठरलेली. मी सोफ्यामागे उभा राहून बघतो. केबिनच्या चौकोनी झरोक्यातून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पडदा बघायची सवय आयुष्यभराची. फोकस नीट आहे का, कोपरे सरळ आहेत का, एवढं बघायचं. खुर्चीत बसून सिनेमा बघणं हे ऑपरेटरचं काम नाही, असा आम्हाला एक ताठा असतो. त्या दिवशी चित्र निर्दोष होतं. मी कागदावर अण्णांची सही घेतली आणि निघालो.

पंधरा दिवसांनी सन्मतीचा फोन आला. ‘काका, आई म्हणती अक्षरांतनं रंग फुटायला लागलेत. आमाला तर कायच दिसंना.’ मी गेलो. सोफ्यामागे उभा राहिलो, पंधरा मिनिटं बघितलं, काही दिसलं नाही. काकू बाजूच्या खुर्चीतून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सन्मतीला म्हणालो, ‘यंत्रात काही दोष नाही. आईंचे डोळे तपासून घ्या.’

काकूंना मी काहीच विचारलं नाही. मीसुद्धा त्यांच्याबद्दल त्यांच्या देखत बोललो आणि निघून आलो.

पुढचं मला नंतर कळलं. डोळे तपासले, चष्मा बदलला. रंग तसेच, वर डोकं दुखायला लागलं. मग मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. तो स्वच्छ आला. घरात आनंद झाला आणि निकाल लागला, की आईला काही झालेलं नाही, वयामुळे मनाचे खेळ चाललेत. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे, ‘मशीन नवं आलं आन् हिचं डोस्कं जुनं झालं.’ काकू वर जायच्या बंद झाल्या. साडेसातला घर वर, काकू खाली एकट्या. अडीच महिने असं चाललं. त्या अडीच महिन्यांत माझा फोन चालू होता, माझं दुकान उघडं होतं आणि माझी ती वही कपाटात होती.

एका सकाळी काकू एकट्याच रिक्षानं माधवनगरला माझ्या दुकानात आल्या. मी उठून स्टूल दिलं. त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर नातवाच्या रंगीत पेनांनी चित्र काढलेलं होतं. पेन्सिलीनं जागा काळी केलेली, तीत एक पांढरं अक्षर, आणि अक्षराच्या उजव्या कडेला तीन बारीक पट्टे. लाल, हिरवा, निळा. शेजारी दुसरं अक्षर, पुन्हा लाल, हिरवा, निळा. सहा अक्षरं होती आणि सहाही ठिकाणी क्रम तोच.

‘मला चित्र काढता येत नाही,’ काकू म्हणाल्या. ‘पण दिसतं ते असं. दर वेळी असंच. मनाचे खेळ असते तर एखाद्या वेळी पिवळा दिसला असता की नाही?’

तो चकतीचा क्रम होता. यंत्र उघडल्याशिवाय, माहितीपत्रक न वाचता, नुसत्या डोळ्यांनी त्या बाईंनी ती चकती कागदावर उतरवली होती. माझ्या कानशिलात कुणी भडकावली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

दुकानात तसलाच एक प्रोजेक्टर दुरुस्तीला आलेला होता. मी शटर अर्धं ओढलं, पांढरा उजेड भिंतीवर टाकला आणि हाताची बोटं फाकवून उजेडापुढे झपाझप हलवली. भिंतीवरच्या बोटांच्या सावल्यांना लाल, हिरव्या, निळ्या कडा आल्या. इतकी साधी परीक्षा. दहा सेकंदांची. वहीत तीही लिहिलेली होती. इतक्या वर्षांत मी ती एकदाही कुणाच्या घरी करून बघितली नाही, कारण मला कधी गरज पडली नव्हती.

काकू भिंतीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘माझी थोरली बहीण डोक्यातल्या गाठीनं गेली. तिलाही आधी डोळ्यापुढं रंग दिसायचे. मिरजेचा रिपोर्ट बरा आला, पण मला खरं सांगत नाहीत असं वाटलं. मला कोण काय सांगतंय हो? म्हणून पाटल्या सुनेला देऊन टाकल्या.’

बोललो असतो तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी बिलाचं पुस्तक ओढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तुमच्या डोळ्यांना आणि डोक्याला काहीही झालेलं नाही. तुम्हाला दिसतं ते खरंच तिथं आहे. आम्हाला दिसत नाही. चूक माझी.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘खाली सही करा. घरी दाखवायला लागेल. माझ्या तोंडचं खरं धरत नाहीत.’ मी सही केली, तारीख टाकली. आयुष्यात हजार पावत्यांवर सह्या केल्या असतील, पण एकीनंही माझी मान इतकी खाली गेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. सोबत तीन काचांचा एक नवा प्रोजेक्टर नेला. छतावरचा उतरवला आणि खोलीच्या मागच्या बाजूला उंच टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारी मांडले. दोन्हींत एकच सिनेमा, एकच अक्षरं. एकापुढे पुठ्ठा धरायचा म्हणजे दुसऱ्याचं चित्र पडतं. मग सांगितलं, की आज निवड काकू करतील. त्या मधल्या खुर्चीत बसतील आणि बाकीचे दाराबाहेर थांबतील. अण्णांना हे रुचलं नाही.

‘आवं, पर तिला काय कळतंय मशीनमधलं?’

‘अण्णा, यंत्रातलं मला कळतं,’ मी म्हणालो. ‘आणि मी तुमच्या घरात चुकीचं यंत्र टांगलं. काकू अडीच महिने खरं बोलत होत्या. त्यांना वेड्यात काढलं तुम्ही, आणि तुम्हाला ते काढायला दिलं मी.’ माझा आवाज चढला होता. आजवर गिऱ्हाइकाच्या घरात मी आवाज चढवलेला नव्हता. सन्मती आत आला आणि त्यानं दोन्ही यंत्रांपुढे मी सांगितल्याप्रमाणे बोटं हलवून बघितली. एकापुढे रंग आले, दुसऱ्यापुढे आले नाहीत. त्यानं पुन्हा करून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाला, ‘मग एमआरआय कशाला केला आपण?’ आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

काकू खुर्चीत बसल्या. मी त्यांच्यामागे टेबलाशी. कुठलं यंत्र चालू आहे ते त्यांना दिसत नव्हतं, आणि यंत्रांचा आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हता. मी पुठ्ठा बदलत गेलो. त्या पडद्याकडे बघत एकेक शब्द टाकत होत्या. ‘आले.’ ‘गेले.’ ‘गेलेलेच आहेत.’ इथं मी मुद्दाम बदललं नव्हतं, तेही त्यांनी ओळखलं. ‘आले. लवकर काढा हो हे.’ दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. चाळीस वर्षं पडद्याकडे बघणारा मी त्यात एकदाही फरक ओळखू शकलो नाही.

दारातून सन्मतीची शंका आली, ‘पर काका, ह्या दुसऱ्याचं काळं जरा राखाडी दिसतंय.’ दिसतं खरं. प्रत्येक यंत्र काही देतं आणि काही काढून घेतं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पण राखाडी काळं सगळ्या घराला सारखंच राखाडी दिसतं आणि त्यानं कुणाचं डोकं दुखत नाही, असं मी त्याला उत्तर दिलं. लिहायला लाज वाटते, पण गिऱ्हाइकाला ‘रोज बघणार कोण, त्या माणसाला बोलवा’ असं सांगायला मला हे वय उजाडावं लागलं. आता मी त्याशिवाय खोका फोडत नाही. यावरून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली. त्यांना खुशाल जाऊ दे.

सन्मतीशी हे बोलणं चाललं तेवढ्यात अण्णांना राहवलं नाही. ते आत आले, खुर्चीला वळसा घालून थेट माझ्यापाशी आले आणि विचारते झाले, ‘मग, काय म्हणती ती? कुठला बरा वाटतुय तिला?’

मला इतका राग आला की पुठ्ठा चकतीच्या यंत्रापुढे तसाच धरून मी दुसरा हात टेबलावर आपटला. ‘अण्णा, त्या इथंच बसल्यात. त्यांना विचारा.’

अण्णा घुटमळले. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी, पण बायकोला प्रश्न विचारायचा म्हणजे उभं कुठं राहायचं हेच त्यांना सुचेना. शेवटी ते पुढे जाऊन अगदी काकूंच्या समोर, पडद्याला पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सिनेमातलं अर्धं वाक्य उमटलं.

‘अगं,’ ते मोठ्यांदा म्हणाले, ‘तूच सांग. कुठला घ्यायचा?’

‘हाच,’ काकू म्हणाल्या. ‘आणि जरा बाजूला व्हा. अक्षरं तुमच्या पोटावर पडायला लागलीत.’

अण्णा बाजूला झाले.